डीपीपासून दारापर्यंत

सोलापुरात विजेचा तुटवडा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मे महिन्याची भर दुपार, पारा त्रेचाळीसच्या पुढे, पंखा थांबलेला आणि इन्व्हर्टर कुंईकुंई करतोय, अशा वेळी हे वाक्य कुणी वाचलं तर तो चार शिव्या हासडेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. तरी ते खरं आहे. आपला वैताग चुकीच्या पत्त्यावर जातोय, तो हे लक्षात न घेतल्यामुळेच.

शहराजवळ, दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. त्याला पाणीही उजनी धरणाचंच. त्याच्या आधी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. ‘एक देश, एक ग्रिड’ म्हणतात त्यातली शेवटची गाठ बसली ती आपल्या गावाशी. पुढच्याच ऑगस्टमध्ये पंतप्रधान सोलापुरात येऊन ती वाहिनी राष्ट्राला अर्पण करून गेले. त्याआधी २००६ ते २०१२ देशाचं ऊर्जा खातंच सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे होतं. २०१२ च्या जुलैअखेरीस लागोपाठ दोन दिवस निम्मा देश अंधारात गेला आणि त्याच ३१ जुलैला त्यांना गृहखातं मिळालं. आपल्याकडच्या बढत्यांचा हिशेब तेव्हाही सामान्य माणसाला लागला नव्हता, अजून लागत नाही.

म्हणजे प्रकल्प आपल्याकडे, ग्रिडची गाठ आपल्याकडे, मंत्रीही आपलेच होऊन गेले. मग पंखा का थांबतो? कारण वीज फताटेवाडीत असते, सबस्टेशनात असते, सबस्टेशनातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या वाहिनीवर, म्हणजे फीडरवरही असते. ती नसते डीपीपासून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून, दारापर्यंत. आणि आपलं रोजचं राजकारण राहतं ते नेमकं एवढ्याच अंतरात.

डीपी जळाली की काय होतं ते अशोक चौकाच्या किंवा साखर पेठेच्या बाजूला कुठल्याही कारखानदाराला विचारा. (आपल्याकडे चार-आठ मागांच्या मालकालाही कारखानदारच म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, भोंगा असलेली गिरणी असेल. भोंगे कधीच बंद पडले, उरलेत ते हे.) डीपीच्या पेटीचं झाकण केव्हाच गेलेलं असतं. आत फ्यूजच्या जागी जाड तार पिळून घातलेली असते, कारण खरा फ्यूज भार वाढला की उडतो, आणि उडाला की तो टाकायला कुणीतरी यावं लागतं. तार उडत नाही. म्हणून मग एक दिवस ट्रान्सफॉर्मरच उडतो. ज्या डीपीवर काही वर्षांपूर्वी पन्नास घरं आणि वीसेक माग धरले होते, तिच्यावर आता मधल्या काळात चढलेले मजले आहेत, एसी आहेत, गल्लीच्या टोकाचं झेरॉक्सचं दुकान आहे. हे सगळे मीटर मंजूर करताना कुणी ना कुणी सही केलेली असते. डीपी मात्र तीच.

मागावर टॉवेल निम्मा विणून झालेला असतो. लाईट झपकन जाते, माग ठोका देता देता अडतो. लाईट आल्यावर तो पुन्हा चालू केला की त्या जागी आडवी रेघ उमटते. तुम्हा-आम्हाला दिसणारही नाही इतकी बारीक, पण व्यापाऱ्याच्या नजरेला ती बरोबर सापडते आणि तो नग ‘सेकंड’मध्ये जातो. दिवसातून लाईट चारदा गेली-आली तर चार रेघा. या रेघांचे पैसे थोडे मालकाच्या खिशातून जातात आणि उरलेले कामगाराच्या, कारण त्याची मजुरी नगावर असते. बंद मागाला मजुरी नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आपल्याला फार अभिमान आहे, असावाच. पण ती चादर विणणारा माणूस दुपारी लाईट येण्याची वाट बघत मागाशेजारी विडी ओढत बसलेला असतो, त्याला मानांकन कसं मोजायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

मग फोन सुरू होतात. बिलाच्या मागे टोल फ्री नंबर छापलेला असतो, तिथे तक्रार नोंदवतो तो भोळा. जाणकार माणूस थेट वायरमनला फोन लावतो. वायरमनच्या वाट्याला भाग मोठा, हाताशी माणसं कमी, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याच्यासोबत एक ‘झिरो’ असतो. हा झिरो वायरमन कागदावर कुठेही नाही. पगारपत्रक नाही, विमा नाही, रबरी मोजे नाहीत. खांबावर मात्र तोच चढतो. त्याला शॉक बसला तर तो आपला नव्हताच असं म्हणायला सगळे मोकळे. भ्रष्टाचारावर बोलताना आपण या पोराला मोजत नाही, कारण तो शंभर-दोनशे घेतो ते डोळ्यांसमोर घेतो. पण मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवून त्या पोराच्या जिवावर फीडर चालवणारी जी व्यवस्था आहे, तिच्यापुढे त्याचे शंभर रुपये म्हणजे काहीच नाहीत.

नवा ट्रान्सफॉर्मर ‘वरून यायचाय’ असं कळतं. गल्ली वर्गणी काढते. टेम्पोचं भाडं, ऑइल, चढवणाऱ्यांचं चहापाणी. या वर्गणीचा हिशेब गणपतीच्या वर्गणीपेक्षाही चोख असतो. पावती तेवढी नसते. तरी टेम्पो हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, “भाऊंना फोन लावा की.” भाऊंचा फोन जातो, संध्याकाळपर्यंत टेम्पो येतो, रात्री दिवे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो पडतो: ‘भाऊंच्या अथक पाठपुराव्याला यश.’ डीपीशेजारी भाऊ, मागे गल्लीतली पोरं, एका कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला तो झिरो.

नियम काय सांगतो? राज्य वीज नियामक आयोगाने वीज कंपन्यांसाठी कामाची मानकं ठरवून दिली आहेत. त्यांनुसार जळालेला ट्रान्सफॉर्मर शहरात २४ तासांत आणि ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून मिळायला हवा, नाही मिळाला तर ग्राहकाला भरपाई. खर्च अर्थातच कंपनीचा. आणि तो खर्च आपण आगाऊ भरलेला असतो. बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि वर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. यातला वहन आकार म्हणजे वीज वाहून आणणाऱ्या जाळ्याचे पैसे. ज्या डीपीसाठी गल्ली वर्गणी काढते, तिचं भाडं गल्ली दर महिन्याला देतच असते. म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरचे पैसे आपण दोनदा दिले, आणि तिसरी किंमत भाऊंच्या उपकाराच्या रूपाने पुढच्या निवडणुकीपर्यंत डोक्यावर राहिली. भाऊंनी मिळवून दिलं ते आपलंच होतं.

टंचाई सरली, तरी आपल्या राजकारणाला असलेली टंचाईची गरज सरलेली नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. टंचाई असेल तर मधला माणूस लागतो. मधला माणूस असेल तर उपकार होतो. उपकारातून मत मिळतं. वेळेत तेल बदललेल्या, झाकण बसवलेल्या, भार बघून क्षमता वाढवलेल्या डीपीतून कुणाला काय मिळणार? तिचं उद्घाटन होत नाही, कोनशिला लागत नाही. देखभालीचा ठेका बारीक, त्यात टक्केवारी काढून काढून किती निघणार? नवी वाहिनी, नवा प्रकल्प, नवं सबस्टेशन यांची निविदा मोठी असते, भूमिपूजन असतं, जेवणावळ असते. म्हणून आपल्याकडे मोठी कामं उशिरा का होईना होतात आणि लहान कामं मुळीच होत नाहीत. वरची टक्केवारी आणि खालचं चहापाणी यांना आपण दोन वेगळे रोग समजतो. तसं नाही. वर जे टक्केवारीच्या हिशेबात बसत नाही म्हणून केलं जात नाही, तेच खाली बिघाड होऊन चहापाण्याला येतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती काहींना आवडणार नाही. भारनियमनाचा काळ या बाबतीत आजच्यापेक्षा प्रामाणिक होता.

दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, त्याच्या आगेमागे राज्यात नवी निर्मिती म्हणावी तशी उभी राहिली नाही, आणि २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण ही वीजवाटपाची कंपनी आली तेव्हा तूट चार-पाच हजार मेगावॅटच्या घरात जाऊ लागली होती. मग ती तूट वाटण्यासाठी फीडरचे गट पाडले गेले. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी कमी तो वरच्या गटात, जास्त तो खालच्या, ए पासून जी पर्यंत. खालच्या गटाला जास्त अंधार. यात घोर अन्याय होता. जी गटातला जो माणूस दर महिन्याला रांगेत उभा राहून बिल भरायचा, तो शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या आकड्याची, म्हणजे वीजचोरीची, शिक्षा भोगायचा. गाव जाळून घरमालकाला धडा शिकवण्याचाच तो प्रकार होता. पण निदान वेळापत्रक होतं. ते वर्तमानपत्रात छापून यायचं. पिठाच्या गिरणीवाला पाटी लावायचा, कारखानदार पाळ्या त्याप्रमाणे लावायचा, परीक्षेची पोरं पहाटे उठायची. दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त लाईट गेली तर माणूस हक्काने भांडायचा, कारण भांडायला छापील कागद होता.

आज भारनियमन नाही. जाहीरपणे तर नाहीच. आज लाईट ‘जाते’. कधी ट्रिप होते, कधी ‘मेंटेनन्स’ चालू असतो, कधी झाडाची फांदी, कधी नुसतंच ‘फॉल्टय’. जे जाहीर नाही त्याचं वेळापत्रक नसतं, आणि ज्याचं वेळापत्रक नाही त्याबद्दल भांडता येत नाही, फक्त विनंती करता येते. वीज किती वेळा आणि किती वेळ गेली याचे निर्देशांक कंपनीला द्यावे लागतात हे खरं; पण ती मोजणी ११ केव्ही आणि त्यावरच्या फीडरच्या पातळीवर होते. फीडर चालू आणि तुमची डीपी रात्रभर बंद, तर त्या हिशेबात तुम्ही रात्रभर पंख्याखाली गाढ झोपलेले असता.

दरम्यान राज्याने इतके वीजखरेदीचे करार करून ठेवले की न घेतलेल्या विजेचेही पैसे मोजायची पाळी आली. प्रकल्प चालो न चालो, त्याचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. फताटेवाडीला कोळसा लांबून येतो, त्यामुळे तिथली वीज महाग पडते. स्वस्त वीज आधी घ्यायची या नियमामुळे सुरुवातीच्या वर्षांत ते संच बराच काळ बंद ठेवावे लागले. एकीकडे वीज जास्त झाली म्हणून संच थंड, दुसरीकडे डीपी जळाली म्हणून गल्ली अंधारात. या दोन्ही बातम्या एकाच दिवशी, एकाच शहरात खऱ्या असू शकतात. ‘विकसनशील देश आहे, चालायचंच’ असं म्हणून हे सोडून देता येत नाही. पैशांची टंचाई असती तर करारही झाले नसते.

पाण्याचंही तेच, किंबहुना जास्तच. उजनीची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा; पाणी त्या पातळीखाली उतरलं की टक्केवारी उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्याअखेर धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरलं. सोलापूरच्या नळाला या दोन्ही बातम्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. रिकामं होतं तेव्हा चार-पाच दिवसांआड, भरलं तेव्हा तीन-चार दिवसांआड. रोज मात्र कधीच नाही. शहरासाठी भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडायचं तर शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं. वाटेत ते उपसलं जाऊ नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. इकडे शहरात लोक नळाला मोटारी लावतात, म्हणून पाणी सोडायच्या वेळी त्या भागाची लाईट बंद ठेवा अशी सूचना दर उन्हाळ्यात कुणीतरी करतंच. आणि उलट बाजूने, पंपगृहाची लाईट गेली की ‘पाणीपुरवठा एक दिवस पुढे’. वीज तोडणं हेच आपल्याकडे पाणीवाटपाचं साधन, आणि वीज जाणं हीच पाणी न येण्याची सबब. इतकी काटकसर दुसऱ्या कुठल्या खात्यात बघायला मिळणार नाही.

पाणी सोडणारा चावीवाला गल्लीत येतो तेव्हा त्याच्या गाडीला लांब लोखंडी चावी बांधलेली असते. तो चेंबरचं झाकण सरकवतो, चावी खाली घालतो आणि अंगाचा भार टाकून फिरवतो. किती आटे फिरवले यावर ठरतं की या गल्लीला दोन तास मिळणार की पाऊण तास, धारेने मिळणार की थेंबाथेंबाने. हे आटे कुठेही लिहिलेले नाहीत. ते चावीवाल्याच्या मनगटात आहेत, आणि त्या मनगटाला माजी नगरसेवकाचा, भावी नगरसेवकाचा आणि झोन ऑफिसचा असे तीन फोन आलेले असतात. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाया रात्री दोनला पाणी येणार म्हणून घागरी मांडून जागत बसतात. पाणी कधी दोनला येतं, कधी पाचला. दुसऱ्या दिवशी हजार विड्यांचा हिशेब त्यांना चुकत नाही. जागरणाची मजुरी त्यात धरलेली नसते.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली, त्यात सोलापूर होतं. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी, सुमारे ११० किलोमीटर, रोज १७ कोटी लिटर. ठेकेदार बदलला, भूसंपादनाचे वाद झाले, वर्षं गेली. जलवाहिनी हवीच होती, तिला माझा विरोध नाही. पण धरणापासून टाकीपर्यंत पाणी आलं म्हणजे ते नळाला आलं असं नव्हे. टाकीपासून पुढे तेच जुने पाईप, तेच चेंबर, तीच चावी. आणि पाईप बदलायच्या कामाला ११० किलोमीटरच्या जलवाहिनीचा थाट नाही. रस्ता खोदला म्हणून लोक शिव्याच देतात. कुठला पुढारी ते अंगावर घेईल?

जिल्ह्यात बाहेर पडलं की याचं आणखी उघडं रूप दिसतं. शेतीच्या फीडरला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी घेऊन उसात शिरायचं. साप, विंचू आणि आता बिबट्या. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा दिवसा वीज द्या ही मागणी अचानक सगळ्यांच्या तोंडी आली. बिबट्याला गोळी घातली आणि मागणी थंडावली. सौर फीडरची योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये नव्या रूपात आली. ज्या फीडरवर ती पोचली तिथे दिवसा पाणी देता येतं, आणि हे काम मनापासून चांगलं आहे असं मला वाटतं. राज्यात सरकारी पैशाने झालेली थोडकी कामं अशी आहेत की ज्यांच्यामुळे मधल्या माणसाची गरजच संपते. कदाचित म्हणूनच ती सावकाश चालतात.

याउलट २०२४ ची मोफत वीज योजना. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरणार, पाच वर्षं. योजना जाहीर झाली जूनच्या शेवटाला, विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. शेतकऱ्याची बिलं थकलेली होती, त्याला दिलासा मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तसंही बिनमीटरच्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर यायचं. वीज आठ तास आली की तीन तास, आकडा तोच. शेतीचा वापर अंदाजाने ठरवायचा आणि आपली गळती त्यात बसवायची, हा आरोप ग्राहक संघटना पुराव्यांसह करत आल्या आहेत. पण मोफत झाल्यावर शेतकऱ्याच्या हातातला होता नव्हता तो कागदही गेला. बिल भरणारा निदान म्हणू शकतो, मी पैसे देतो, वीज कुठाय? फुकट घेणाऱ्याची डीपी जळाली तर तो कुठल्या तोंडाने भांडणार? तो भाऊंकडेच जाणार. सवलत देण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती खात्यात द्या, आणि बिल राहू द्या. बिल ही फार मोठी ताकद असते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘लोकच चोर आहेत’. आकडे टाकतात, मीटरमध्ये फेरफार करतात, बिलं थकवतात. खरंय. पण नवी जोडणी मागायला गेलेल्या माणसाला ‘खांब नाही’, ‘केबल नाही’, ‘कोटेशन अजून निघालं नाही’ असं महिनोन्महिने ऐकवलं जातं, आणि तोच माणूस आकडा टाकतो तेव्हा संध्याकाळच्या आत टाकतो, तेही एखाद्या जाणत्या माणसाच्या हातून. चोरी नियमापेक्षा सोपी करून ठेवली की लोक चोरी करतात, त्यासाठी लोक वाईट असावे लागत नाहीत.

दुसरं उत्तर खासगीकरणाचं. सगळं खासगी कंपनीला देऊन टाका, कशी सुतासारखी सरळ होते बघा. महाराष्ट्राने हा प्रयोग करून बघितलेला आहे. भिवंडीत २००७ पासून खासगी फ्रँचायझी आहे, तिथे गळती कमी झाली. पण औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर या तीन शहरांतले करार मधेच मोडले आणि कारभार पुन्हा सरकारी कंपनीकडे आला. मालक बदलल्याने डीपीचं झाकण आपोआप बसत नाही. झाकण नसल्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो की नाही, त्यावर ते बसतं.

जाब विचारायची साधनं आपल्याकडे नाहीत असंही नाही. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्राच्या आधी आला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. लाच मागितली तर १०६४ वर फोन करता येतो. एक मेख मात्र आहे, ती फार जणांना ठाऊक नसते: २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते, तरच सुटका. त्याच दुरुस्तीने अधिकाऱ्याने पदावर घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी वरून परवानगी लागते. म्हणजे खांबावरच्या पोराला शंभर देणारा गल्लीवाला सात दिवसांनी गुन्हेगार, आणि भार न बघता मीटर मंजूर करणाऱ्या सहीची चौकशी परवानगीच्या फायलीत. कायदा करणाऱ्यांच्या मनात असं नसेलही. पण खालून बघितलं तर असंच दिसतं.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. या काळात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी घडली. नगरसेवक नव्हते, तरी भाऊ होतेच. ‘माजी’ आणि ‘इच्छुक’ यांनी फोन घेणं थांबवलं नाही. पाणी आलं नाही तर लोक झोन ऑफिसला न जाता त्यांच्याकडेच जात राहिले. पद गेलं तरी दुकान चालू राहतं, याचा अर्थ दुकान पदावर चालत नव्हतंच. ते अघोषित वेळेवर चालतं, न लिहिलेल्या आट्यांवर चालतं. २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली, नवे नगरसेवक आले. प्रचारात प्रत्येकाने ‘चार हुतात्म्यांची भूमी’ने सुरुवात केली आणि ‘दररोज पाणी’ने शेवट. १९३० मध्ये या शहराने तीन दिवस इंग्रजांना बाहेर ठेवून दाखवलं होतं, त्याची आठवण चांगलीच आहे. पण दररोज पाणी हे आश्वासन मला तितकंसं नको आहे. ते धरणावर, जलवाहिनीवर, निधीवर ढकलता येतं.

त्यापेक्षा लहान गोष्ट मागावी, जी ढकलता येत नाही. प्रत्येक चेंबरशेजारच्या भिंतीवर पाणी सोडण्याची आणि बंद करण्याची वेळ रंगवा, खाली जबाबदार अभियंत्याचं पद. प्रत्येक डीपीवर तिचा क्रमांक, क्षमता, तिच्यावर मंजूर असलेला भार आणि शेवटच्या देखभालीची तारीख लिहा. लाईट घालवायचीच असेल तर जाहीर करून घालवा, आणि गेलेले तास फीडरचे नकोत, डीपीचे मोजा. याला निधी लागत नाही, रंगाचा डबा लागतो. म्हणूनच याला विरोध होईल, आणि तो ‘तांत्रिक अडचण’ या नावाने होईल. भिंतीवर वेळ लिहिली की चावीवाल्याला आलेला तिसरा फोन निरुपयोगी ठरतो, हे फोन करणाऱ्यांना आपल्याआधी कळतं.

भाऊंचा नंबर मोबाईलमधून काढून टाका असं मी म्हणणार नाही. लाईट जाईल तेव्हा तो लागणारच आहे, आणि अंधारात बसलेल्या माणसाला तत्त्व शिकवण्यात मजा नाही. पण फोन लावण्याआधी टोल फ्रीवर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्या, तो भोळेपणा करा, कारण २४ तासांचं घड्याळ त्या क्रमांकापासून सुरू होतं. आणि भाऊंनी फोन उचलला की लाईट कधी येणार हे विचारू नका. या डीपीवर किती मीटर मंजूर केलेत आणि झाकण कुणी नेलं, ते विचारा.